पन्नास वर्षांच्या फियाटचा रेडिएटर काढायचाय? पाना उचलायच्या आधी हे वाचा



मागच्या व्हिडिओत आपण जुन्या फियाट ११०० चा रेडिएटर काढून दाखवला. तुम्हाला तो चौदा मिनिटांत निघालेला दिसला. प्रत्यक्षात आम्हाला अर्धा दिवस लागला, आणि त्याआधीच्या संध्याकाळचा एक तास वेगळाच. व्हिडिओ लांबतो म्हणून जे कापलं, त्यातच खरं तर पैसे कमवायची आणि घालवायची जागा होती. ते सगळं इथे लिहिते.

लेख कोणासाठी? ज्यांचं एक-दोन माणसांचं गॅरेज आहे, रेडिएटरचं किंवा स्पेअरपार्टचं दुकान आहे, आणि दारात कधीतरी एखादी पद्मिनी, अँबेसिडर नाहीतर विलीज जीप येऊन उभी राहते, त्यांच्यासाठी. अशा गाड्या आता वाढत चालल्यात. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघायची, १९७४ पासून तीच पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सी संपल्या तसा घरातल्या गाडीचा भाव वाढला. त्यात केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केला, की पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. म्हणून मालक आता 'नवा टाकून द्या' असं म्हणत नाहीत. 'आहे तोच नीट करून द्या' म्हणतात. हा फरक डोक्यात ठेवा, कारण पुढची प्रत्येक गोष्ट त्यावर आहे.

आधी माझी फजिती सांगते.

२०१६ ची गोष्ट. बीबीए करून नोकरी केली, ती सोडली आणि बाबांच्या रेडिएटरच्या दुकानात बसायला लागले, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. एक काका त्यांच्या वडिलांची १९७१ सालची फियाट घेऊन आले. घरात लग्न होतं, अकरा दिवसांवर. नवरा-नवरीला घरी त्याच गाडीतून आणायचं ठरलेलं. चढाला गाडी तापते एवढीच तक्रार. मी झटक्यात सांगितलं, "काका, काढणं, साफ करणं, बसवणं, सगळं मिळून दीड हजार." ना कागद, ना फोटो.

रेडिएटर काढताना खालचा होज पाइप निघेना. वर्षानुवर्षं तापून रबर पितळेच्या नळीला असं चिकटतं की ते एकजीवच वाटतं. मी पक्कड लावली आणि पिळलं. पाइप फिरला, आणि त्याच्याबरोबर नळीपण फिरली. टाकीला ती फक्त कथिलाच्या डागाने धरलेली असते. डाग तुटला, आणि पत्रा जुना होऊन पातळ झालेला असल्यामुळे नळीभोवती टाकीच फाटली.

बाबा जेवायला घरी गेले होते. आले, बघितलं, एवढंच म्हणाले, "अगं, चाकू नव्हता का?"

पुढचे सहा दिवस मी खालच्या टाकीच्या मागे फिरत होते. भंगारवाले पालथे घातले. शेवटी पितळी पत्र्याची टाकी हाताने बनवून घेतली, तिचे पैसे मी दिले, साफसफाई केली, लग्नाच्या दोन दिवस आधी गाडी दिली. दीड हजारच्या कामात खिशातले चार हजारांवर गेले. काका भांडले नाहीत, पण तेव्हापासून त्यांनी दुसरं काम आणलेलं नाही. गाव लहान आहे, रस्त्यात भेटतात, हसतात. ते हसणं मला चार हजारांपेक्षा जास्त लागतं.

असो. आता कामाला लागू.

काढायची गरज आहे का?

गाडी तापते म्हणजे रेडिएटर खराब, हे गिऱ्हाईक स्वतःच ठरवून येतं. तुम्ही ठरवू नका. पट्टा सैल असेल तर पंखा आणि वॉटर पंप दोन्ही मंद फिरतात. थर्मोस्टॅट अडकला असेल तर पाणी रेडिएटरकडे जातच नाही. इंजिन तापलेलं आणि वरचा पाइप मात्र थंड, असं दिसलं तर संशय आधी थर्मोस्टॅटवर घ्या. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून थेंब पडत असतील तर पंपाचं सील गेलं.

सगळ्यात महत्त्वाचं, हेड गॅस्केट. गार इंजिन, टोपी उघडी, मग सुरू करा आणि तोंडातल्या पाण्याकडे बघा. सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर शंका आणखी वाढते. अशा गाडीचा रेडिएटर तुम्ही कितीही चकचकीत करून बसवा, ती परत तापणार आणि नाव तुमचं खराब होणार. मी सरळ सांगते, "काका, हे आमचं काम नाही, आधी हेड उघडा." तपासणीचे पैसे मात्र घेते. सुरुवातीला लाज वाटायची. आता वाटत नाही, कारण अर्धा तास गेलेला असतो आणि गिऱ्हाइकाचा नको तो खर्च वाचलेला असतो.

रेडिएटर खरंच चोंदलाय का, हे न काढताही बरंचसं कळतं. इंजिन तापवून बंद करा, चावी काढून घ्या, आणि जाळीवर तापमान मोजायची ती पिस्तुलासारखी बंदूक फिरवा. मधेच गार पट्टे सापडले तर तिथल्या नळ्या बंद आहेत. जिथे वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलंय तिथे क्षार बसून हेच होतं. व्हिडिओतल्या गाडीला उजवीकडचा जवळजवळ एक तृतीयांश भाग गार होता. म्हणून काढायचं ठरवलं.

कागद

फियाटच्या त्या प्रकारानंतर मी एक साधा कागद बनवला. त्यावर गाडीचा नंबर, किलोमीटर, आणि 'काम सुरू करण्याआधीची स्थिती' असा एक मोठा रकाना आहे. गळती कुठे, डाग आधी कुठे मारलेत, कुठला बोल्ट आधीच गोल झालाय, वायसर कुठे नाही, जाळी कुठे दबलीय, हे सगळं मालकाच्या समोर, मालकाला दाखवत लिहायचं. दहा-बारा फोटो काढायचे आणि तिथेच उभं राहून त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे. मालक शिक्षक असो नाहीतर शेतकरी, स्वतःच्या गाडीचे असे फोटो आले की त्याला बरंच वाटतं. आपल्यावर संशय घेतला असं कोणाला वाटत नाही, उलट 'पोरगी बारकाईने बघते' म्हणतात.

भाव तीन भागांत सांगायचा. काढणं-बसवणं हा एक, त्याचा आकडा पक्का. दुरुस्ती हा दुसरा, तो रेडिएटर टेबलावर आल्यावर आणि तपासल्यावर. तिसऱ्यात होज, क्लिपा, पट्टा, टोपी असलं सामान, ते बिलाप्रमाणे. आणि एक ओळ स्पष्ट लिहायची, की गंजलेला बोल्ट तुटला तर तो काढायची मजुरी वेगळी, पण आमच्या हाताने टाकी किंवा नळी मोडली तर भरपाई आमची. हे दुसरं वाक्य लिहायला अनेक जण घाबरतात. माझा अनुभव असा, की ते वाचूनच गिऱ्हाईक पहिलं वाक्य मान्य करतं.

वेळ किती धरायचा? नव्या छोट्या गाडीला जेवढा लागतो त्याच्या दुप्पट धरा. बीबीएला कॉस्टिंगच्या पेपरात मला बरे मार्क होते, पण गंजलेला बोल्ट कुठल्या रकान्यात टाकायचा हे तिथे कोणी शिकवलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी

गाडी शक्यतो आदल्या दिवशी ठेवून घ्या. दोन कारणं आहेत. पहिलं, इंजिन पूर्ण गार हवं. तापलेल्या गाडीची टोपी कधीही, म्हणजे कधीही उघडायची नाही. आत दाब असतो, त्या दाबामुळे पाणी शंभर डिग्रीच्या पुढे जाऊनही उकळत नाही. दर एक पौंड दाबाला उकळायची रेषा साधारण दीड डिग्रीने वर सरकते. टोपी उघडली की दाब जातो आणि ते पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. आमच्याकडच्या एका पोराने फडकं धरून टोपी फिरवली होती. फडकं भिजलं आणि गरम फडकंच हाताला चिकटलं. मनगटावरचा डाग अजून आहे. तेव्हापासून दुकानात नियम आहे: वरच्या टाकीवर उघडा तळहात ठेवा, आरामात ठेवता आला तरच टोपीला हात लावायचा.

दुसरं कारण बोल्ट. तारेच्या ब्रशने माती-गंज झाडा आणि गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर सोडा. सकाळी पुन्हा एकदा मारा. गॅसची शेगडी किंवा टॉर्च तिथे नेऊ नका. इतर ठिकाणी गंजलेला बोल्ट तापवून काढायची सवय आपल्याला असते, पण रेडिएटर ज्या कथिल-शिशाच्या डागाने जोडलेला असतो तो १९० डिग्रीच्या आसपास वितळतो. एक बोल्ट सोडवायला जाल आणि टाकी सोडवून बसाल.

सकाळी

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड किंवा लाकडाचा ठोकळा. बॅटरीची जी वायर बॉडीला जाते ती काढा. 'मायनस काढा' असं मी मुद्दाम म्हणत नाही, कारण ब्रिटिश वळणाच्या काही जुन्या गाड्यांत प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. पान्यांचंही तसंच. फियाटला मिलिमीटरचे पाने बसतात, मॉरिसच्या घराण्यातल्या जुन्या अँबेसिडरला आणि विलीज जीपला इंचाचे लागतात. 'जवळपास बसतोय' म्हणून बारा-तेराचा पाना इंचाच्या नटावर चढवला की नट गोल होतो आणि त्यानंतरचा दीड तास फुकट जातो. इंचाचा एक सेट घेऊन ठेवा. वर्षात चार वेळा लागला तरी वसूल होतो.

आता पाणी काढायचं. टोपी उघडा, खाली टब ठेवा, खालच्या टाकीचा पितळी कॉक हळूच फिरवा. फिरत नसेल तर जोर लावू नका, तोसुद्धा डागानेच बसवलेला असतो. फिरला पण पाणी येत नसेल तर तोंडाशी गाळ बसलाय, बारीक तार घालून हलवा. काहीच नाही जमलं तर खालचा पाइप कापून पाणी सोडायचं, टब फक्त मोठा घ्या. किती लिटर निघालं ते मोजून कागदावर लिहा. परत भरताना तेवढंच बसलं पाहिजे, कमी बसलं तर कुठेतरी हवा अडकलीय.

पाण्याचा रंग बघा. विटकरी लाल असेल तर कूलंट कधी घातलंच नाही, इंजिनच्या ब्लॉकमध्येही गाळ असणार. मग ब्लॉकवरचा कॉकही उघडायला हवा, नाहीतर स्वच्छ केलेला रेडिएटर महिनाभरात पुन्हा भरेल. हिरवं किंवा निळं कूलंट निघालं तर ते गटारात ओतू नका आणि टब उघडा ठेवू नका. चवीला गोड असतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते जहाल विष आहे. आम्ही झाकणाच्या कॅनमध्ये भरतो आणि वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो.

आता होज पाइप. क्लिप सैल करा आणि पाइपाला हात लावून बघा. सहज हलला तर उत्तम. नाही हलला तर पिळायचं नाही, ओढायचं नाही, मध्ये पेचकस घालून उचकटायचं नाही. धारदार चाकू घ्या, पाइप नळीवर चढलाय तेवढ्या भागावर लांबीत एक चीर द्या. चाकूचं टोक पितळेत रुतवू नका, फक्त रबर कापा. मग केळ्याच्या सालीसारखं ते सोलून काढा. नवा पाइप काही शेकड्यांत मिळतो, टाकी मिळत नाही. व्हिडिओत मी हे करताना दहा सेकंद दिसते. प्रत्यक्षात खालच्या पाइपाला वीस मिनिटं घेतली, आणि ती वीस मिनिटं मी हात थरथरू नये म्हणून कोणाशी बोलत नव्हते. नऊ वर्षं झाली तरी खालच्या पाइपापाशी माझं असंच होतं.

वरच्या तोंडाजवळची बारीक ओव्हरफ्लोची नळी सोडवा, तीपण नाजूक असते.

पुढे जाण्याआधी पंखा. पंख्याची पाती आणि जाळी यांच्यात बोटभरच जागा असते. पंख्याच्या आकाराचा जाड पुठ्ठा किंवा पातळ प्लाय कापून मध्ये सरकवा. रेडिएटर वर येताना किंचित जरी मागे कलला तरी पात्याची कड जाळीत घुसते आणि तुम्ही स्वतःच एक भोक पाडून ठेवता. जागा फारच कमी असेल तर पट्टा सैल करून पंखाच काढा, पण पुढची बाजू कुठली ते खडूने लिहा. पंखा उलटा बसवता येतो, आणि उलटा बसला की गाडी तापते आणि कारण सापडत नाही. आमच्याकडे एक गाडी दुसऱ्या गॅरेजमधून तशीच आली होती. दहा मिनिटांचं काम, मालकाने तीन महिने त्रास काढला होता.

बोल्ट सोडवताना आधी पाव चाटा आवळायच्या दिशेने द्या. गंजाची पकड मोडल्याचा बारीक 'कट्' असा आवाज येतो, मग उलटा फिरवा. अडला की परत आवळा, परत सोडा, तेल द्या. घाई झाली की बोल्ट तुटतो. बोल्टाखाली किंवा रेडिएटरच्या पायाशी रबराच्या चकत्या, पॅकिंगचे तुकडे असतात. कधी आधीच्या मिस्त्रीने सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातलेला असतो. फेकू नका. तो तिथे का आहे ते आत्ता कळत नाही, बसवताना कळतं. डावा-उजवा लिहून वेगवेगळ्या पिशवीत ठेवा. रबर कडक झालं असेल तर नवं टाका, कारण इंजिनचे हादरे थेट डागांवर जातात.

उचलायला दोघं हवेत. एकाने दोन्ही बाजूंना धरायचं, दुसऱ्याने पुठ्ठा आणि खालची नळी कुठे अडत नाही ना, ते बघायचं. सरळ वर. नळीला किंवा टोपीच्या तोंडाला धरून कधीच नाही. आत राहिलेलं पाणी आणि गाळ यामुळे वजन वाटतं त्यापेक्षा जास्त असतं.

टेबलावर आल्यावर

दोन्ही तोंडांत फडक्याचा बोळा घाला. इंजिनकडच्या नळ्यांतही घाला, नट पडतो, आणि गाडी चार दिवस उभी राहिली तर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते. हसू नका, झालंय.

टोपी बघा. तिच्यावर दाबाचा आकडा कोरलेला असतो. जुन्या गाड्यांना कमी पौंडाची टोपी असते, आणि बाजारात सहज मिळते ती नव्या गाडीची तेरा-पंधरा पौंडाची. बसते बरोबर, म्हणून लोक लावतात. मग पन्नास वर्षांचे डाग एकेक करून सुटायला लागतात. व्हिडिओतल्या गाडीला हेच झालं होतं. वरच्या टाकीच्या कडेने हिरवट-पांढऱ्या गळतीची रेघ होती आणि टोपी नवीकोरी. गळती तपासतानाही हवा त्या गाडीच्या मूळ टोपीच्या आकड्यापेक्षा जास्त भरू नका.

मग मालकाला फोन. दुरुस्तीचा भाव इथे सांगायचा, फोटोसकट. मी तीन पर्याय देते: नुसती धुलाई आणि डाग, टाकी उघडून नळ्यांत सळई घालून साफसफाई, किंवा टाक्या मूळच्या ठेवून मधली तांब्या-पितळेची जाळी नवी. तिसरा महाग आहे, पण बाहेरून गाडी मूळचीच दिसते. ॲल्युमिनियमचा तयार रेडिएटर स्वस्तात पडेल हेही सांगते, लपवत नाही. निवड त्यांची.

परवाच्या गाडीच्या मालकांनी दुसरा पर्याय घेतला. टाकी उघडली तेव्हा उजवीकडच्या नळ्यांची तोंडं चुन्यासारख्या पांढऱ्या खड्याने बंद होती. मी तो खडा एका डबीत भरून जुन्या टोपीबरोबर त्यांना परत दिला. ते डबी हलवून आवाज ऐकत बसले होते. म्हणाले, "घरी बोअरचंच पाणी भरतो आम्ही. बायकोला दाखवतो, तीच भरते." मी म्हटलं, "काका, आधी कूलंटचा कॅन न्या, मग डबी दाखवा."